बाटलीवरची रेघ

माझ्या धाकट्या भावाला किडनी बसवायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी त्याला सगळ्यात आधी पाठवलं ते दातांच्या डॉक्टरकडे. मला रागच आला होता. आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास मशीनला जोडलेला माणूस, चेहरा मातकट झालेला, आणि ह्यांना त्याच्या दाढा बघायच्यात! पण उजवीकडच्या एका दाढेच्या मुळाशी खरंच पू निघाला. दाढ काढली, पंधरा दिवस थांबलो, मग पुढचं सुरू झालं. किडनीच्या डॉक्टर, म्हणजे नेफ्रॉलॉजिस्ट बाईंनी नंतर समजावलं, की नवी किडनी टिकावी म्हणून ह्याची प्रतिकारशक्ती आम्ही औषधांनी मुद्दाम दाबणार आहोत. आज दाढेखाली गप्प बसलेले जंतू तेव्हा रक्तात उतरतील, आणि रक्तातून ते हृदयाच्या झडपेवरही जाऊन बसू शकतात.

दाढेचा हृदयाशी आणि किडनीशी असा संबंध असतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पुढच्या आठ महिन्यांत असे कितीतरी संबंध दिसले, काही माझ्याच शरीरात, कारण किडनी मी दिली. ज्यांच्या घरात हे आता कुठे सुरू होतंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी इंदूरच्या कापड मार्केटात एका पेढीवर हिशेब लिहिते, सव्वीस वर्षं झाली. विज्ञान दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. किडनी म्हणजे लघवी तयार करणारी चाळणी, एवढंच ठाऊक होतं. भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आई त्याच्याकडे सुदामानगरला असते, मी लोकमान्य नगरात.

आजार कळण्याआधीची दीड वर्षं मला अजून सलतात. त्याला अंगभर खाज सुटायची, म्हणून तो त्वचेच्या डॉक्टरकडे गेला. मलम मिळालं. थकवा यायचा, ओठ पांढरे दिसायचे, म्हणून दुसऱ्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. सकाळी दात घासताना उमासे यायचे, त्यावर ॲसिडिटीची गोळी. चाळिशीच्या आतच बीपी १७०/१०० निघालं, तर टेन्शन घेऊ नका म्हणाले आणि आणखी एक गोळी वाढली. पाय सुजले, ते दिवसभर दुकानात उभं राहून. रात्री पिंडऱ्यांत गोळे यायचे, त्यासाठी कॅल्शियम. ज्याला जे दिसलं त्यावर त्याने औषध दिलं, आणि प्रत्येकाची फाईल वेगळी. त्या फायली शेजारी-शेजारी ठेवून कुणी वाचल्या नाहीत. आम्हीही नाही. मी रोज पाच वह्यांचा मेळ बसवणारी बाई, मलासुद्धा हे सुचलं नाही.

मग एका रात्री त्याला अंथरुणावर आडवं होता येईना. आडवा झाला की गुदमरायचा. इस्पितळात नेलं तेव्हा तो धाप लागल्यासारखा खोल-खोल श्वास घेत होता. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, निघालं ११.२. निरोगी माणसाचं ते एकच्या आसपास असतं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसून साडेसात सेंटिमीटरच्या झालेल्या. असायला हव्यात दहा-अकराच्या. इतक्या आकसल्यावर तुकडा काढून कारण शोधण्यात अर्थ नसतो, म्हणाले. त्याच्या किडन्या कशाने गेल्या हे आम्हाला आजही माहीत नाही.

त्या खोल श्वासांचा अर्थ मला दोन दिवसांनी कळला. फुफ्फुसांत पाणी भरलं होतं हे खरंच, पण तेवढंच नव्हतं. शरीरात रोज आम्ल तयार होतं, ते बाहेर टाकायचं काम किडनीचं. ती थकली की रक्त आंबट होऊ लागतं, आणि मग फुफ्फुसं तिच्या वाटणीचं ओझं उचलतात. जोराने श्वास टाकून कार्बन डायऑक्साइड बाहेर घालवायचा, म्हणजे रक्ताचा आंबटपणा तेवढा उतरतो. हाडंसुद्धा आपल्यातले क्षार सोडून हातभार लावतात आणि त्यात स्वतः झिजतात. भाऊ रात्रभर धापा टाकत होता तेव्हा त्याची फुफ्फुसं किडनीची पाळी करत होती. आम्ही त्याला दमा समजून वाफ देत बसलो होतो.

डायलिसिस सुरू झालं. पहिले काही दिवस मानेतल्या नळीतून, नंतर फिस्टुलातून. मनगटाजवळची धमनी शिरेला जोडतात. धमनीचा जोर शिरेत आला की ती दीड-दोन महिन्यांत जाड होते आणि जाड सुया टोचण्याजोगी बनते. तिच्यावर बोटं ठेवली की मांजर गुरगुरतं तशी थरथर लागते. आई रोज सकाळी देवपूजा झाली की त्याच्या मनगटावर हात ठेवून ती थरथर बघायची. थरथर बंद पडली तर फिस्टुला बंद पडला, असं तिला सांगितलेलं होतं.

मशीनमागे पाण्याचा मोठा पसारा असतो. फिल्टरच्या एका बाजूने रक्त वाहतं आणि दुसऱ्या बाजूने मिनिटाला साधारण अर्धा लिटर शुद्ध केलेलं क्षारयुक्त पाणी. चार तासांत एकशेवीस लिटर. टेक्निशियन मुलगा म्हणाला, "माँजी, नर्मदा का ही पानी है, बस बहुत छाना हुआ." नर्मदेकाठच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर वर चढून आलेलं पाणी माझ्या भावाचं रक्त धुत होतं. आईने तिथल्या तिथे हात जोडले.

तरीही हे मशीन किडनीची बरोबरी करत नाही, हे मला औषधांच्या यादीवरून कळलं. डायलिसिस तर चालू आहे, मग आठवड्याला इंजेक्शन कसलं? हिशेबात एखादी रक्कम दोनदा दिसली की विचारायची मला सवयच आहे, म्हणून विचारलं. नेफ्रॉलॉजिस्ट बाईंनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पेनाने काढून दाखवलं. किडनी रक्त नुसतं चाळत नाही, रक्तात प्राणवायू किती आहे हेही बघते. कमी वाटला तर एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडते, ते हाडांच्या मगजात पोहोचतं आणि तिथे तांबड्या पेशी तयार होऊ लागतात. तांबडी पेशी जेमतेम एकशेवीस दिवस जगते, म्हणजे हे काम कधी थांबूनच चालत नाही. भावाचं हिमोग्लोबिन ७.४ होतं. दीड वर्ष लोह खाऊनही ते चढलं नाही, कारण माल होता पण मागणीची चिठ्ठीच कारखान्यात जात नव्हती.

मग तिने त्याच कागदावर व्हिटॅमिन डीची गोष्ट काढली. मला ती फार आवडली. ऊन पडतं कातडीवर, तिथे कच्चा माल तयार होतो. तो यकृतात जातो, तिथे त्यावर पहिला संस्कार. मग किडनीत येतो, तिथे दुसरा. तेव्हा कुठे तो कामाचा होतो आणि आतड्याला सांगतो, जेवणातलं कॅल्शियम आत घे. कातडी, यकृत, किडनी, आतडं, आणि शेवटी हाड. किडनीतला टप्पा बंद पडला, तर माणूस कितीही उन्हात बसो, कितीही दूध पिवो. रक्तातलं कॅल्शियम घसरू लागतं, आणि गळ्यातल्या मसुरासारख्या चार छोट्या ग्रंथी घाबरून हाडांतून कॅल्शियम ओढून काढतात. भावाच्या त्या ग्रंथींच्या संप्रेरकाचा आकडा नॉर्मलच्या कितीतरी पट निघाला होता. कॅल्शियमच्या ज्या गोळ्या तो खात होता, त्यांना आत घेणारंच कुणी नव्हतं.

बीपीचं तर आणखी लांबचं नातं. रक्ताचा दाब उतरला असं किडनीला वाटलं की ती रेनिन सोडते. रेनिन यकृतातून आलेल्या एका प्रथिनाला कापतं, त्या तुकड्याचं फुफ्फुसांत खरं अस्त्र बनतं, ते रक्तवाहिन्या आवळतं आणि किडनीच्याच डोक्यावर बसलेल्या ग्रंथीला मीठ साठवायला सांगतं. आजारी किडनीला सतत वाटत राहतं की दाब कमी आहे. ती हाका मारत राहते, बाकीचे सगळे इमानाने ऐकत राहतात, आणि बीपी चढत जातं. वर पाणी आणि मीठ बाहेर जायचा रस्ताही अरुंद झालेला. चढलेलं बीपी उलट किडनीलाच आणखी खराब करतं. ह्यात चुकार कुणीच नाही. प्रत्येक जण आलेला निरोप पाळतोय, निरोपच चुकीचा आहे.

आता सर्वांत वाईट दिवसाबद्दल. ती चूक माझी.

मे महिना होता. दुपारी त्याला भेटायला निघाले, राजवाड्याजवळ शहाळी दिसली, दोन घेतली. आजाऱ्याला शहाळं द्यायचं हे आपल्याकडे लहान मूलही जाणतं. वहिनी औषधं आणायला बाहेर गेली होती. त्याला पाण्याची बंदी होती: लघवी होईल तेवढं आणि वर अर्धा लिटर, दिवसभरात. वहिनीने लिटरच्या बाटलीवर नेलपॉलिशची लाल रेघ मारून ठेवली होती, सहाशेच्या खुणेवर. बाटली सकाळी त्या रेघेपर्यंत भरायची आणि रात्रीपर्यंत पुरवायची. त्याची कोरडी जीभ मला बघवली नाही. म्हटलं, नारळपाणी काय, औषधच आहे. दोन्ही शहाळी प्यायला. किती दिवसांनी पोटभर काही प्यायला मिळालं म्हणून हसला.

रात्री पाय उचलेनात. नाडी मिनिटाला चव्वेचाळीस. इस्पितळात ईसीजी काढला, तर एरवी गोलसर असणाऱ्या लाटा तंबूच्या टोकासारख्या उभ्या राहिलेल्या. पोटॅशियम ६.९. वरची हद्द पाच-सव्वापाच. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, ते मला कुठे माहीत! शरीरातलं जवळजवळ सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं, रक्तात अगदी थोडं, आणि त्या थोड्याशावर हृदयाचा ठोका अवलंबून. जास्तीचं पोटॅशियम बाहेर काढायचं काम मुख्यतः किडनीचं.

त्यांनी आधी शिरेतून कॅल्शियम दिलं, हृदय सांभाळायला. मग इन्सुलिन आणि ग्लुकोज. मी ओरडलेच, "अहो, ह्याला शुगर नाहीये!" निवासी डॉक्टर मुलगा शांत होता. इन्सुलिन साखरेबरोबर पोटॅशियमलाही पेशींच्या आत ढकलतं, म्हणाला, मशीन तयार होईपर्यंत तेवढी सवड मिळते. रात्री दोन वाजता डायलिसिस लागलं. पहाटे नाडी साठवर आली. मी बाकावर बसून होते. वहिनी एक शब्द बोलली नाही. चहाचा कप माझ्या हातात देऊन शेजारी बसली. शहाळं, केळी, पालक, बटाटा, संत्र्याचा रस: डायलिसिसवरच्या माणसाला भेटायला जाताना ह्यातलं काहीही नेऊ नका. आधी विचारा.

त्या बाकावर बसल्या-बसल्या मी ठरवलं. आई चौऱ्याहत्तरची, तिला मधुमेह. वहिनीचा रक्तगट ए, भावाचा बी. मी ओ. ओ गटाची किडनी बीला चालते, एवढं तोवर ऐकून ठेवलं होतं.

किडनी एकच द्यायची, पण तपासलं मला डोक्यापासून पायापर्यंत. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवून तिच्यात प्रथिन जातं का ते पाहिलं. ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर. हृदयाची इको आणि पट्ट्यावर धावण्याची परीक्षा. नळीत जोराने फुंकून फुफ्फुसांची. छातीचा एक्स-रे, मॅमोग्राफी, कावीळ आणि एचआयव्हीच्या चाचण्या. मग डीटीपीए स्कॅन, त्यात प्रत्येक किडनी किती काम करते ते वेगवेगळं कळतं. माझी डावी ४५, उजवी ४७. नियम असा, की चांगली असेल ती देणाऱ्याकडे राहते. सीटी अँजिओत डाव्या किडनीला एकच धमनी दिसली, म्हणजे जोडणं सोपं. शिवाय डावीची शीर लांब असते, तेही सर्जनच्या सोयीचं. डावी ठरली.

इतकं सगळं का, हे मी भुलतज्ज्ञांना विचारलं. ते म्हणाले, उद्यापासून तुमच्या हृदयाला, फुफ्फुसांना, यकृताला एका किडनीवर भागवायचंय. त्यांची परवानगी घेतोय. हे उत्तर मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं.

मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी नवऱ्याला बाहेर बसवलं आणि मला एकटीला विचारलं, कुणी दबाव टाकला का? आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत बायका जास्त असतात, त्यामुळे हा प्रश्न त्या नीट, वेळ घेऊन विचारतात. मग म्हणाल्या, किडनी सहा महिन्यांत बंद पडली तर? ह्या प्रश्नावर मला उत्तर द्यायला वेळ लागला. म्हटलं, तर ते सहा महिने तो पाणी पिऊन घेईल. त्यांनी तेच लिहून घेतलं.

प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीची मुलाखत ही पाहायला गेलं तर छोटी गोष्ट. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात भाऊ-बहीण जवळच्या नात्यात येतात. पण नातं कागदाने सिद्ध करावं लागतं. जन्माचे दाखले, आधार, जुनं रेशन कार्ड, नवऱ्याची संमती. आईने पत्र्याच्या पेटीतून फोटो काढला: रामबागेतल्या जुन्या घराच्या ओट्यावर मी परकर-पोलक्यात आणि माझ्या कडेवर तो. समितीतल्या गृहस्थांनी फोटो बराच वेळ हातात धरला होता.

कागद जुळले तरी रक्ताने मान्य करायचं राहिलं होतं. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक, अर्धी जुळण्याची चारात दोन, अजिबात न जुळण्याची चारात एक. आमची अर्धी जुळली. क्रॉसमॅचमध्ये माझ्या पांढऱ्या पेशी त्याच्या रक्तद्रवात घालून बघतात, त्याच्या रक्तात माझ्याविरुद्ध शस्त्रं तयार आहेत का ते. नव्हती. आईला समजावताना डॉक्टरांनी बोस्टनच्या जुळ्या भावांची हकिगत सांगितली. २३ डिसेंबर १९५४ला डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकची किडनी त्याचा जुळा भाऊ रिचर्डला बसवली आणि ती चालली, कारण दोघं इतके एकसारखे की रिचर्डच्या शरीराला ती परकी आहे हे ओळखूच आलं नाही. बाकी सगळ्यांना औषध लागतं. मरे यांना पुढे १९९० साली नोबेल मिळालं. आई म्हणाली, "ह्या दोघांना मी एकाच पोटात वाढवलंय, फक्त आठ वर्षांचं अंतर." डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, म्हणूनच अर्धी तरी जुळली.

ऑपरेशनच्या दिवसाचं मला स्वतःला काही आठवत नाही. सांगितलं ते असं: पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवलं, दुर्बिणीने किडनी मोकळी केली, सिझेरिअनसारख्या खालच्या छेदातून बाहेर काढली, थंड द्रवाने धुतली आणि शेजारच्या थिएटरमध्ये नेली. भावाच्या जुन्या किडन्या काढल्या नाहीत. नवी त्याच्या उजव्या ओटीपोटात बसवली, तिथल्या धमनीला आणि शिरेला जोडली, मूत्रनलिका मूत्राशयाला. तिचे चिमटे काढले तेव्हा ती राखाडी किडनी बघता-बघता गुलाबी झाली आणि थोड्याच वेळात नलिकेतून लघवीचे थेंब आले. सर्जन रात्री येऊन मला हे सांगत होते आणि मी अर्धवट गुंगीत विचारत होते, किती मिलिलिटर?

शुद्धीवर आल्यावर मला टाके दुखले नाहीत इतका उजवा खांदा दुखला. वाटलं, टेबलावर चुकीचं झोपवलं असणार. पण कारण पोटात होतं. उरलेला वायू वर चढून श्वासपटलाला डिवचतो, आणि श्वासपटलाची नस निघते मानेतून, खांद्याच्या नसांच्या शेजारून. म्हणून मेंदूला खांदा दुखतोय असं वाटतं. गर्भात हे पटल मानेजवळ तयार होतं आणि पुढे खाली सरकताना आपली नस बरोबर ओढत नेतं, असं फिजिओथेरपीच्या मुलीने सांगितलं. दोन दिवस मी तो खांदा दाबत, जन्माच्या आधीचं हे नातं आत्ता कळतंय, ह्याचंच नवल करत होते.

मग सुरू झालं "गैस पास हुई?" सर्जन, नर्स, मावशी, सगळ्यांचा एकच प्रश्न. भूल आणि वेदनाशामकांनी आतडी झोपतात, ती जागी झाली की वायू सरतो, मग जेवण. तीन चेंडूंची नळी ओढायला देत. दुखण्यामुळे माणूस वरवर श्वास घेतो, मग फुफ्फुसांचे खालचे कोपरे मिटतात आणि तिथे जंतू साचतात. दुसऱ्याच दिवशी चालायला लावलं, कारण पिंडऱ्यांचे स्नायू पायातलं रक्त वर ढकलतात. पडून राहिलं तर ते तिथेच गोठू शकतं. खोल श्वास घेतला की छातीतला दाब कमी होऊन तेच रक्त हृदयाकडे ओढलं जातं. चालता-चालता चेंडू ओढायचे नसतात, पण मी दारापर्यंत चालून आले की लगेच ओढायची.

भावाने पहिल्या चोवीस तासांत नऊ लिटर लघवी केली. जितकी जाईल तितकं सलाईन शिरेतून दर तासाला भरत होते, नाहीतर रक्तदाब कोसळेल आणि नवी किडनी सुकेल. वहिनी काचेबाहेरून चार्ट वाचून मला फोनवर आकडे सांगायची आणि मी पलंगावर पडल्या-पडल्या आवक-जावक मांडायची. तासाला सहाशे मिलिलिटर गेले तेव्हा मला रडू आलं. शहाळ्याच्या रात्रीनंतर मी रडले नव्हते.

त्याचं क्रिएटिनिन ८.६वरून पाचव्या दिवशी १.३ झालं. माझं ०.७वरून १.२. मी घाबरले. डॉक्टर म्हणाल्या, अर्धी माणसं कामावरून गेली, उरलेल्यांना जम बसायला वेळ द्या. उरलेली किडनी हळूहळू थोडी मोठी होते आणि पूर्वी दोघी मिळून जितकं करायच्या त्याच्या दोनतृतीयांशाहूनही जास्त एकटी करू लागते. सहा महिन्यांनी माझं १.० आलं, आणि तिथेच आहे. वर्षातून एकदा लघवी, रक्त आणि बीपी तपासते. दुखलं म्हणून परस्पर वेदनाशामक गोळी घेत नाही, कारण त्यातल्या बऱ्याच गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा आवळतात.

एक गोष्ट मात्र अजून मनातून जात नाही. ऑपरेशनमध्ये धमनी जोडतात, शीर जोडतात, मूत्रनलिका जोडतात. नसा जोडत नाहीत. जोडताच येत नाहीत. म्हणजे माझ्या किडनीचा भावाच्या मेंदूशी एकही धागा बांधलेला नाही. मग तिला कळतं कसं, की आज ह्याने पाणी कमी प्यायलं, आज ऊन जास्त होतं? मी हे नेफ्रॉलॉजिस्ट बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सगळं रक्तातून. रक्त किंचित घट्ट झालं की मेंदूला आधी कळतं. तो तहान लावतो आणि एक संप्रेरक सोडतो, ते रक्ताबरोबर वाहत किडनीत येतं आणि सांगतं, पाणी वाचव. शिवाय दाब आणि मीठ किडनी स्वतःच तपासते.

म्हणजे पत्र लिहितो भावाचा मेंदू आणि वाचते माझी किडनी. ती उत्तर पाठवते त्याच्या हाडांना, आणि त्याच्या हाडांत रक्त तयार होतं. चार महिन्यांत हिमोग्लोबिन १२.८ झालं, एकही इंजेक्शन न घेता. गळ्यातल्या त्या चार ग्रंथी शांत झाल्या. खाज गेली. ही पत्रांची भाषा सगळ्या माणसांत एकच आहे. फक्त पांढऱ्या पेशी चेहरा बघतात आणि म्हणतात, ही आपल्यातली नाही. त्यांना समजूत घालायला दर बारा तासांनी गोळी लागते, जन्मभर.

त्या गोळीलाही घरातले बाकीचे सांभाळून घ्यावे लागतात. तिचं नाव टॅक्रोलिमस. तिने भावाचे हात थोडे कापतात, आणि स्टेरॉइडच्या जोडीने तिने त्याच्या स्वादुपिंडावर ताण आणला. साखर आता १६०च्या आसपास असते आणि त्यासाठी वेगळं औषध आहे. यकृत ही गोळी मोडून काढतं. मागच्या थंडीत त्याला खोकला झाला, जवळच्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं. वहिनीने घेण्याआधी फोन लावला. बरं झालं. ते औषध यकृताचं मोडण्याचं काम अडवतं, टॅक्रोलिमस रक्तात साठत जातं आणि किडनीलाच विषारी ठरतं. वहिनीकडे आता एकच जाड फाईल आहे. दात, डोळे, साखर, किडनी, हाडं, सगळं तिच्यात तारखेप्रमाणे लावलेलं. कुठल्याही डॉक्टरकडे गेली तरी ती आधी फाईल टेबलावर ठेवते आणि मगच खुर्चीवर बसते.

सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतलं खाणं त्याला बंद आहे, उसाचा रसही. पोहे घरीच होतात, वर शेव थोडी. मागच्या रविवारी गेले तेव्हा तो ओट्याशी उभा राहून त्याच बाटलीतून पाणी पीत होता. लाल रेघ अजून आहे, कडेला थोडी खरवडली गेलेली. दिवसाला अशा तीन बाटल्या संपवायच्या असतात, किडनी कोरडी पडता कामा नये म्हणून. "ताई, ही दुसरी," तो म्हणाला, आणि वहिनीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रविवारच्या चौकोनात दुसरी काडी मारली.